कुत्रा माणसाचा, मांजर घराचं? वाडा सोडताना मनीला न्यायचं का?

सोनचाफा (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचा वाडा जुन्या नाशकात, गंगेपासून चार गल्ल्या वर. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) मागची भिंत फुगली, धोकादायक म्हणून नोटीस लागली, आणि आता महिनाअखेर आम्ही पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये जातोय. सामान बांधायला घेतलंय. प्रश्न आहे तो मनीचा.

मनी पाच वर्षांची, करड्या पट्ट्यांची, ऑपरेशन झालेली. सासूबाई म्हणतात, "कुत्रा माणसाचा, मांजर घराचं. तिला इथंच राहू दे, शेजारचे दूध घालतील. नेलंस तरी पळून परत येईल, नाहीतर रस्त्यात मरेल." यजमान आणि चिरंजीव म्हणतात, नवं घर आहे, आता एक लॅब्रॅडॉर आणू. म्हणजे मनीला सोडायचं आणि कुत्रा आणायचा, असा हिशोब आपोआपच मांडला गेलाय आणि मला तो रात्री झोपू देत नाही.

कुत्र्यांशी माझं वैर नाही. पण मला मांजरच आवडतं, आणि त्यामागे कारण आहे. मनी आली तेव्हा न्हाणीघराच्या मागे लाकडांच्या ढिगात राहायची. मी वाटी ठेवायची, मागे सरायची, मग ती यायची. आठ महिने ती माझ्यापासून दोन हात लांब बसली. एक दिवसही ते अंतर कमी झालं नाही. मग एका दुपारी मी मेथी निवडत होते तर ती आली, परातीला वळसा घालून माझ्या मांडीवर चढली, दोन्ही पंजांनी साडीवर कणीक मळल्यासारखं करत राहिली आणि झोपली. मेथी तशीच राहिली. पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. इतकं तोलून-मापून, विचार करून कुणी माझ्यावर विश्वास टाकल्याचं मला दुसरं आठवत नाही.

आमच्याकडे नळाला पहाटे पाचला पाणी येतं. नळ सुसू करायला लागला की ती ओट्यावर येऊन बसते, पहिली धार पडेपर्यंत माझ्याकडे बघते आणि डोळे हळूच मिटून उघडते. दिवसाची सुरुवात आमच्या दोघींची अशी होते.

तर सांगा. मांजर खरंच घराचंच असतं का? आणि मांजर आवडणारी माणसं कोरडी असतात, असं आमच्याकडे जे ऐकवलं जातं त्याला काय उत्तर देऊ?

---

बोकोबा (९:५२)

न्यायचंच. यात विचारण्यासारखं काय आहे?

---

टॉमीचा_बाबा (१०:१५)

ताई, तुमची मेथीची गोष्ट आवडली, पण मी कुत्र्याच्याच बाजूचा, आणि मनापासून सांगतो.

मी सातपूरला कंपनीत शिफ्टला आहे. माझी गाडी कॉलनीच्या कोपऱ्यावर वळली की टॉमी उठतो. दुसऱ्या कुणाच्या त्याच मॉडेलच्या गाडीला उठत नाही. दोन वर्षांपूर्वी मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. बायको सांगते, तो चपला ठेवतो त्या कपाटाशी पडून होता, पोळी हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. मी आलो तेव्हा उडी मारली नाही, ओरडला नाही. टाके होते तिकडे नाकही लावलं नाही. नुसता पायावर डोकं ठेवून बसला.

आठ महिने ओळख द्यायला लावणाऱ्या प्राण्याने हे केलं असतं का? मला शंका आहे. प्रेम समोरच्याला दिसावं लागतं.

---

शंकासुर (१०:४०)

म्हण उगाच पडलेली नाही. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो टोळीने राहणारा, टोळीच्या म्होरक्याकडे आणि एकमेकांकडे बघून चालणारा. माणसाबरोबर तो किमान १५,००० वर्षं आहे, म्हणजे शेती नव्हती तेव्हापासून. माणूस जाईल तिकडे तो गेला, कारण त्याचं 'घर' म्हणजे टोळीच.

मांजराचं उलटं. त्याचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं, आपला इलाखा राखणारं. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, कोठारात उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीतून नेलं होतं.

तेव्हा मांजर आधी कणगीचं, मग घराचं. माणसाचा नंबर तिसरा. हा दोष नाही, त्याची जडणघडण तशी आहे. मनीला न्या, पण तिचा अख्खा इलाखा तुम्ही काढून घेताय हे लक्षात ठेवून न्या.

---

बोकोबा (१०:४४)

होडीतून नेलं होतं ना? मग पाथर्डी फाटा किती लांब आहे!

---

पंचवटीकर (११:२०)

आमच्या वाड्यातली गोष्ट सांगतो, दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल.

४ ऑगस्ट २०१९. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता. आमच्याकडे पूर कळायचं तेच माप. कुठल्या पायरीला पाणी आणि मारुतीच्या कुठवर, यावर आम्ही सामान हलवतो. त्या दिवशी सगळे गॅस, धान्य, पितळी भांडी वर नेण्यात. आजीची चिंगी नुकतीच व्यायली होती, पिल्लं खाली जात्याच्या खोलीत. तिची आठवण झाली तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं. मी खाली धावलो तर ही जिन्यावर समोरून येतेय, तोंडात पिल्लू, अंग पोटापर्यंत भिजलेलं. दोन आधीच माळ्यावर नेऊन ठेवली होती. हे तिसरं. चौथं मी उचललं, तर माझ्या मागे मागे ओरडत वर आली आणि चारही पुन्हा पुन्हा चाटून मोजली. मोजली असं मी म्हणतो, तुम्ही काही म्हणा.

नंतर आम्ही आठ दिवस म्हसरूळला काकांकडे राहिलो. चिंगीला न्यायचा प्रयत्न केला, हाती लागली नाही. माळ्यावरच बसून राहिली. गल्लीतला एक पोरगा रोज चिखल तुडवत जाऊन तिला खायला ठेवायचा. आजी म्हणाली, बघा, मांजर घराचंच. आई म्हणाली, घराचं नाही, पिल्लांचं. हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

जुन्या बायका सांगायच्या, नको असलेलं मांजर पोत्यात घालून गंगेपार सोडलं तरी चार दिवसांनी दारात हजर. तेव्हा सासूबाईंची भीती खोटी नाही. ती पळून वाड्याकडे निघाली तर मध्ये मुंबई-आग्रा रस्ता आहे.

---

गंमतजंमत (११:३१)

आमच्या बोक्याने काल खरवसाचा डबा उघडला. बायको विचारते झाकण कुणी सैल ठेवलं, मी बोक्याकडे बघतो, बोका माझ्याकडे. शिंक्याचं तुटलं आणि दोघांचंही साधलं.

---

कादवाकाठ (रविवार, सकाळी ६:०५)

राम राम. मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षबागवाला. हार्वेस्टिंग चालू आहे, सकाळी कटरवाल्या बाया यायच्या आत लिहितो.

आमच्याकडे दोन्ही आहेत आणि दोघांची कामं वेगळी. मळ्यात कुत्र्याशिवाय रात्र निघत नाही. आजूबाजूला ऊस आहे, ऊस आला की बिबट्या आला. आमचा वाघ्या (नाव बघा!) चार वर्षांचा होता. गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा, कारण बिबट्या मानेलाच धरतो. मागच्या डिसेंबरात पट्टा धुऊन वाळत घातला होता आणि परत घालायचा राहिला. ती एकच रात्र. दोनदा भुंकला, तिसऱ्यांदा आवाज आला नाही. बॅटरी घेऊन बाहेर आलो तोवर फक्त अंगणात ओढल्याची रेघ. त्या वेळी माझी मुलगी पडवीत झोपलेली होती. तो भुंकला नसता तर काय, हे मी बोलूनही दाखवत नाही. पट्टा अजून खुंटीला आहे.

त्यामुळे कुत्र्याला कुणी कमी म्हटलं तर मला चालणार नाही. पण टॉमीच्या बाबांना एक सांगतो. त्याच मळ्यात आमची भुरी मांजर आहे. तिने कांद्याची चाळ आणि खळ्यातली कोठी सांभाळलीय. वाघ्या गेला त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्या गोणपाटावर जाऊन झोपायची, एरवी कधी तिकडे फिरकत नसे. थंडीत तिची जागा चुलीच्या वैलाशी, आणि आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. चूल सोडून ती गोणपाटावर जायची. आता हे कशाचं, घराचं का कुणाचं, ते शहाण्यांनी ठरवावं.

माझं मत विचाराल तर मळ्यात कुत्रा, फ्लॅटमध्ये मांजर. दिवसभर सगळे कामाला गेल्यावर बंद दाराआड बसलेला कुत्रा बघवत नाही. त्याचं सगळं लक्ष दाराकडे.

---

टॉमीचा_बाबा (सकाळी ७:१०)

दादा, वाघ्याचं वाचून पोटात कालवलं. फ्लॅटबद्दल तुमचं बरोबर आहे, आमच्याकडे आई दिवसभर घरी असते म्हणून जमतं. दिवसातून दोनदा फिरवणं ठरलेलं, पाऊस असो वा ताप. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी लॅब आणूच नये, हे मी स्वतः कुत्रेवाला असून म्हणतो. सोनचाफाताई, मुलगा पहाटे उठून फिरवणार आहे का, हे आधी त्याच्याकडून वदवून घ्या. नाहीतर ते तुमच्याच गळ्यात येणार.

---

गुराढोरांचा_डॉक्टर (सकाळी ९:३०)

मी पशुवैद्यक. आवडीनिवडीच्या वादात पडत नाही, दवाखान्यात रोज जे बघतो ते सांगतो. आधी आपल्या जिल्ह्याचं. नाशिकची दोन मोठी पिकं, द्राक्ष आणि कांदा, दोन्ही पाळीव प्राण्यांना विष आहेत, आणि हे बागवाल्यांनाही माहीत नसतं.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या बंद पाडू शकतात. एखाद्याला मूठभराने काही होत नाही, दुसरा थोड्यावरही जातो, म्हणून सुरक्षित प्रमाण असं काही नाही. खाल्ल्यावर उलट्या, सुस्ती, लघवी कमी होणं. उलटी सुरू व्हायची वाट न पाहता लगेच आणा. कादवाकाठ, बागेत खाली पडलेले मणी उचलून टाका. मांजराला मुळात गोड चवच कळत नाही, त्यामुळे ते द्राक्षाच्या वाटेला सहसा जात नाही. तरी देऊ नका.

कांदा-लसूण दोघांनाही वाईट, मांजराला जास्त. तांबड्या पेशी फुटतात. रश्श्यातली बोटी धुऊन घातली तरी रस मुरलेला असतो.

मांजरवाल्यांनी आणखी तीन गोष्टी लिहून ठेवा. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध मांजराला टाकू नका, त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने झटके येतात. आणि पुष्पगुच्छातली लिली घरात आणू नका, तिचे नुसते पराग अंगावर पडून चाटले तरी मांजराच्या किडन्या जातात.

आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी, हे घट्ट बसलंय. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याला टॉरिन हा घटक मांसातूनच मिळतो, तो कमी पडला की नजर जाते आणि हृदय कमजोर होतं. कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही ते यामुळेच. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचतही नाही. उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन, मासे, अंडं किंवा मांजरांचं तयार खाद्य द्या. घर शाकाहारी असेल तर निदान तयार खाद्य तरी.

आता मनी. नेता येईल, नक्की. पिंजरा आतापासून उघडा ठेवा, त्यात तिची गोधडी टाका, खाणं तिथेच द्या. नव्या घरी पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा. गोधडी धुऊ नका, वाळूच्या ट्रेमध्ये मूठभर जुनी वाळू मिसळा. एक मऊ फडकं तिच्या गालांवरून फिरवा आणि नव्या घरात दाराच्या चौकटींना, पलंगाच्या पायांना, तिच्या उंचीवर पुसा. मांजर गाल घासून जागा आपली करतं, तुम्ही तिचं काम थोडं आधी करून ठेवायचं. दोन-तीन आठवडे घराबाहेर अजिबात नाही. रेबीजची आणि मांजरांची तिहेरी लस झालीय का ते बघून घ्या.

---

शंकासुर (९:४८)

डॉक्टरांना अनुमोदन. भर एवढीच, की रेबीज म्हणजे फक्त कुत्रा नाही. मांजराने चावलं-ओरबाडलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना काही लावू नका.

---

मैत्रेयी_सिडको (११:१५)

मी सहाव्या महिन्यात आहे आणि गेले चार महिने घरात एकच घोष, मांजर काढ, मांजर काढ, बाळाला होतं. रडून झालं, भांडून झालं. डॉक्टर, खरं काय?

---

गुराढोरांचा_डॉक्टर (दुपारी १:०५)

तुम्ही म्हणताय तो टोक्सोप्लाझ्मा, एक परजीवी जंतू. मांजर तो बहुधा आयुष्यात पहिल्यांदा लागण झाली की, तेही एक ते तीन आठवडेच, विष्ठेतून टाकतं. आणि ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, त्यातली अंडी बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ झाला की धोका फार उतरतो. तो यजमानांनी करायचा, तुम्ही नाही. लागण अर्धवट शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही होते. कुंड्यांत हात घालताना हातमोजे घाला, मांजराला कच्चं मांस देऊ नका. आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या, रक्ताची तपासणी असते.

---

मैत्रेयी_सिडको (१:२०)

हे जसंच्या तसं सासूबाईंना वाचून दाखवलं. ट्रे आजपासून ह्यांच्याकडे. मांजर राहतंय!! 🙏

---

पंचवटीकर (दुपारी ४:००)

अवांतर. टॉमीच्या बाबांच्या बाजूला देव जास्त आहेत हे मान्य करावं लागेल. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, गोदाघाटावर एकमुखी दत्तासमोर बसलं की रस्त्यावरचे चार तिथेही येऊन बसतात. खंडोबाबरोबर कुत्रा. युधिष्ठिराने तर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार दिला.

---

सोनचाफा (४:२५)

पंचवटीकर, षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे हो. जिला आपण सटवाई म्हणतो, जी बाळाच्या कपाळावर लेख लिहिते आणि लेकरं सांभाळते, ती मांजरावर बसते. तुमची चिंगी जिन्यावरून तिसरं पिल्लू घेऊन येत होती ना?

आणि युधिष्ठिराचं मला कायम भिडतं ते वेगळ्या कारणाने. तो कुत्रा मोठा गुणी होता म्हणून नाही सोडला. आपल्या आसऱ्याला आलेल्याला सोडायचं नाही म्हणून नाही सोडला. मनीच्या बाबतीत माझं तेवढंच म्हणणं आहे.

टॉमीच्या बाबा, तुम्ही म्हणालात प्रेम समोरच्याला दिसावं लागतं. पटतं. पण ते दिसायला दोघांपैकी एकाला शिकावं लागतं. कुत्रा आपली भाषा शिकतो, मांजराची आपल्याला शिकावी लागते. शेपटी उभी धरून टोक वाकवून येणं, हळू डोळे मिटणं, खोलीत नुसतं येऊन बसणं. मला ती शिकण्यात जे मिळालं ते मी सोडू शकत नाही. आज्ञा पाळणारं कुणी मला नकोच आहे. दिवसभर शाळेत साठ मुलांना 'बसा', 'उठा' म्हणून घरी येते मी.

---

टॉमीचा_बाबा (४:५०)

हे उत्तर मला लागू पडलं. आत्ता आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "त्या बाईला सांग, मांजर सोडू नको."

---

आजोबा_नाशिकरोड (रात्री ८:३०)

मी प्रेसमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोबाईलवर सावकाश टंकतो, चुका सांभाळून घ्या.

मांजर माझं नव्हे, हिचं. मला पहिल्यापासून कुत्र्याची हौस, हिला केसांचा त्रास नको म्हणून कुत्रा नको, आणि मांजर मात्र हवं. त्याच्या केसांचं काय, असं मी विचारायचो. माझ्याशी त्या सोन्याचा संबंध एवढाच की मी पेपर वाचायला बसलो की तो पेपरवर बसायचा.

ही गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, घर एकदम मोठं झालं. संध्याकाळी सात वाजता ही देवापाशी दिवा लावायची तेव्हा सोन्या तिच्या पाटाच्या बाजूला बसायचा. ती गेल्यावरही साताला येऊन बसायचा. पाट भिंतीला टेकवलेला, दिवा नाही, आणि हा बसलेला. पाच-सहा दिवस मी बघितलं. मग मी पाट मांडला. मला स्तोत्रं येत नव्हती, आता दोन येतात.

मांजर घराचं म्हणतात. असेल. पण घर म्हणजे काय, ते त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं होतं.

ताई, नेतानाची काळजी डॉक्टरांनी सांगितलीच आहे. न्या.

---

कादवाकाठ (८:५५)

आजोबा, दंडवत.

---

मैत्रेयी_सिडको (९:०२)

+१. डोळे पुसतेय.

---

देवळालीकर (सोमवार, सकाळी १०:१०)

सगळ्यांनी जागेचं, खाण्याचं सांगितलं, पण तिसरा मजला कुणी धरला नाही.

मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं, या भरवशावर आम्ही राहिलो. आमची राणी चौथ्या मजल्यावरून पडली. कबुतर कठड्यावर बसलं, तिने झेप घेतली, कबुतर उडालं. चार पायांवरच पडली. मागच्या पायाचं हाड मोडलं, जबडा फरशीवर आपटून टाळू फाटली. सळई घालून पाय बसला, पण तीन आठवडे पातळ खाणं सिरिंजने द्यावं लागलं. दर वेळी ती माझ्या हाताकडे बघायची आणि तोंड उघडायची, ते अजून आठवतं. हवेत वळून सरळ होण्याचं कसब मांजराकडे असतं, पण खालची फरशी फरशीच असते.

गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी लावल्याशिवाय मांजर उघड्यावर सोडू नका. सोसायटीने परवानगी नाही म्हटलं तर आतल्या बाजूने लावा. डासांची साधी जाळी चालत नाही, नखांनी फाटते.

---

सोनचाफा (१०:३५)

बापरे. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. जाळीवाल्याला आजच फोन करते. जागेवर जाऊन माप घेतल्यावर सांगेन.

---

गंमतजंमत (१०:४१)

रच्याकने, धाग्याचं नाव आता 'मनीचं स्थलांतर' करा. आणि तारीख सांगा, आम्ही देव पाण्यात घालून बसतो.

---

सोनचाफा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५)

धागा वर काढतेय. उत्तर देणं लागते मी तुम्हा सर्वांना.

मनीला आणलं.

बाजारातला पिंजरा तिने हुंगून नाकारला, आत जाईचना. शेवटी कादवाकाठांच्या भागातले आमचे एक नातेवाईक टोमॅटोचे दोन रिकामे कॅरेट घेऊन आले. एक उताणं, त्यावर दुसरं पालथं, चारही बाजूंनी सुतळीने बांधलं, आत तिची न धुतलेली गोधडी, वरून पोतं. चार दिवस तसंच स्वयंपाकघरात उघडं ठेवलं होतं, त्यात जाऊन झोपायला लागली होती. द्वारका चौकापासून पाथर्डी फाट्यापर्यंत ती जे ओरडली, ते मी मांडीवर कॅरेट घेऊन ऐकलं. फटीतून बोट आत घातलं होतं. तिने ते चाटलं नाही, चावलंही नाही, नाक टेकवून ठेवलं. ओरडत होती आणि नाक टेकवून होती.

पहिले दोन दिवस ती वॉशिंग मशीनच्या मागे होती. दिवसा दिसली नाही. रात्री वाटी रिकामी व्हायची, ट्रे वापरलेला असायचा, एवढ्यावर समाधान. फडक्याचं काम मी डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं, गुडघ्यांवर बसून सगळ्या चौकटी पुसल्या. सासूबाई बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी न बोलता आपलं जुनं नऊवारी घडी करून मशीनच्या बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "वाड्याचा वास आहे त्याला."

चौथ्या दिवशी पहाटे मला सवयीने पाचला जाग आली. इथे पाणी चोवीस तास, नळाची वाट बघायची गरज नाही. पण झोप उडालीच होती म्हणून उठले आणि ओट्यावरचा नळ सोडला. इथला नळ सुसू करत नाही, सरळ धार येते. भांडं भरेपर्यंत मी उभी होते, तर मागून फरशीवर नखांचा आवाज. मनी स्वयंपाकघराच्या दारात थांबली, पोट जमिनीला टेकेल अशी वाकून चालत आली, दोनदा अंदाज घेतला आणि ओट्यावर चढली. धारेकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोळे हळू मिटले.

पंचवटीकर, तुमच्या घरातल्या वादाला यातून काही उत्तर मिळत असेल तर आजीला आणि आईला दोघींनाही कळवा.

लॅब आणायचा बेत तूर्त थांबलाय. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे एक म्हातारा लॅब आहे, त्यांचे गुडघे दुखतात. चिरंजीव रोज सकाळी सहाला त्याला फिरवून आणतो. आज एकोणिसावा दिवस, एकही चुकवलेला नाही. टॉमीच्या बाबा, परीक्षा तुम्ही सुचवली तीच.

---

टॉमीचा_बाबा (९:२२)

पोरगा पास. फोटो टाका दोघांचा.

---

आजोबा_नाशिकरोड (९:३०)

वाचलं. सोन्याला पण वाचून दाखवलं.

---

देवळालीकर (९:३४)

जाळी?

---

सोनचाफा (९:३८)

स्वयंपाकघराची आणि दोन्ही खोल्यांची झाली. गॅलरीची उद्या सकाळी अकराला. तोवर गॅलरीचं दार बंद, किल्ली सासूबाईंच्या कनवटीला.